लवू घाडीचं नाक

९ मार्च, रविवार

अनयने सगळ्यांना सांगितलंय की रोज थोडं लिहायचं. काय खाल्लं, झोप कशी झाली, डोक्यात काय चाललंय. मेलबर्नला म्हणे सगळे खेळाडू लिहितात. हा अनय बोरिवलीचा. तिकडे शिकायला गेला आणि येताना तिकडची पदवी, तिकडचे उच्चार आणि आमचं कोचपद घेऊन आला. माझ्याहून लहान आहे, पण मला ‘लवू, बडी’ म्हणतो. शिसारी येते त्या ‘बडी’ची. लिहायचं तर लिहीन, पण त्याला वाचायला मिळणार नाही.

सकाळी मैदानावर पोचलो तर क्रिकेटवाल्या पोरांच्या मम्म्या आधीच खुर्च्या टाकून बसलेल्या. आमच्या खेळाला सगळ्यात मोठं मैदान लागतं आणि आम्हाला मिळतो कोपरा. त्यात माळी ओरडत असतो, "पिचवर पाय नाय ठेवायचा!" एका मम्मीने विचारलं, "भैया, ये रग्बी है ना?" नाही बाई, रग्बी नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू लांबट, सोललेल्या नारळासारखा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथेने मारायचा, मुठीने ठोसायचा, आणि उंच आलेला चेंडू दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेतल्या हवेत धरायचा. त्याला मार्क म्हणतात. हे इतक्या लोकांना सांगून झालंय की आता सांगताना मलाच वीट येतो.

मार्क हे माझं काम. चारकोपच्या गोविंदा पथकात मी वरच्या थरांवर चढायचो, तिथूनच मला या खेळात ओढलं. आठ वर्षांपूर्वी भारताच्या संघातून मेलबर्नला नेलं आणि सगळे सामने बाकावर बसवलं. परत आलो तेव्हा आईने सगळ्या शेजाऱ्यांना पेढे वाटले. किती गोल मारले असं कोणी विचारलं की ती सांगायची, "खूप." आता ऑगस्टमध्ये पुन्हा स्पर्धा आहे. मी बत्तीसचा झालो. या वेळी राहिलो तर संपलंच, पुढे मला कोणी नेणार नाही. मे महिन्यात मुलुंडला शिबिर आहे आणि तिथेच संघ निवडणार.

आज एक मार्क असा घेतला की मम्म्यांनीसुद्धा मोबाइलमधून माना वर केल्या. खाली येताना मागून कुणाचा तरी गुडघा डोक्यात बसला. थोडा वेळ आडवा पडलो होतो म्हणे. अनय मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता, त्याला दिसलं नाही. आमच्यातला एक पोरगा, नितेश, पाणी घेऊन धावत आला. "लवूदा, अनयसरना सांगू?"

"सांगितलंस तर बघ."

अनयचा नियम आहे, डोक्याला लागलं की खेळ बंद, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. आणि डॉक्टर कधी हो म्हणतात? मी उठलो आणि पुढे खेळलो. काही झालेलं नाही.

११ मार्च

सांताक्रूझला विमानतळाच्या कार्गोत कामाला आहे, तिथे आज दिवसभर डोकं उठलं. ट्रॉल्या खडखडतात, त्या नऊ वर्षं खडखडतायत, पण आज वाटलं एकेकीला लाथ घालावी. ट्यूबलाइटही डोळ्यांत घुसतात. साहेबाला सांगितलं तर म्हणाला, चष्मा लागला असेल. मूर्ख माणूस.

१५ मार्च, शनिवार

शिमग्याला गावी गेलो नाही, सराव होता. आईने पुरणपोळ्या केल्या. तोंडात घातली तर कागद चावल्यासारखं. म्हटलं, "आई, गूळ घालायला विसरलीस काय?" ती म्हणाली, "माका गोड लागता." हल्ली तिचं स्वयंपाकात लक्ष नसतं. काल आमटीत मीठ आणि मसाला दोन्ही कमी. बाबा गेल्यापासून दिवसभर ती सीरियल लावून बसते, मग काय होणार.

३० मार्च, पाडवा

श्रीखंड आणलं, दुकानातलं. त्यालाही चव नाही. म्हणजे दुकानदार चोर, आईला उगाच बोललो. पण तिला तसं सांगितलं नाही.

आता नितेशबद्दल लिहितो, कारण त्याच्याशिवाय हल्ली मैदानावर कोणाचं नावच निघत नाही. जोगेश्वरीचा आहे, बावीस वर्षांचा, हात गुडघ्यापर्यंत लांब. आठवड्यापूर्वी शिकलेली गोष्ट आज माझ्यापेक्षा बरी करतो. आणि वर मला नमस्कार करतो. अनय त्याच्याकडे दागिन्यासारखा बघतो. उंच चेंडूला एकच माणूस लागतो, दोघांना नेणार नाहीत. पोरगा चांगला आहे, हाच तर त्रास आहे. उर्मट असता तर राग धरायला सोपा गेला असता.

६ एप्रिल, रविवार

आज नितेश आपटला. मार्क घेताना तोल गेला आणि डोकं सरळ जमिनीवर. सगळे चेंडूमागे गेले होते, मी एकटाच जवळ होतो. डोळे उघडे होते, पण ओळख दाखवेनात. मग भिंतीमागे जाऊन ओकला.

मी म्हटलं, "पाणी पी आणि गप बस. मलाही लागलेलं ना? काय झालं मला?"

"सांगायला नको ना, लवूदा?"

"शिबिर तोंडावर आलंय. सांगून घरी बसायचंय काय?"

त्याने माझा हात धरला आणि थँक्यू म्हणाला. मला बरं वाटलं. मनात अजून एक आलं, लिहिणार नव्हतो, पण लिहितो: आता याचा खेळ जरा उतरेल.

१२ एप्रिल, शनिवार

घरात घाण वास येतोय. आईने लसणीची फोडणी दिली आणि मला गटार तुंबल्यासारखं झालं. बाथरूमची जाळी काढून बघितली, सिंकखालचा पाइप बघितला, काही नाही. शेजारच्यांच्या घरातून येत असेल म्हणून त्यांना जाऊन बोललो. त्या काकी म्हणाल्या, "आमच्याकडे काही नाही रे, आत येऊन बघ." आत गेलो तर त्यांच्याकडे त्याहून जास्त वास. लोक इतक्या घाणीत राहतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

१७ एप्रिल

नाक्यावर एका भावी नगरसेवकाने माझा बॅनर लावलाय. ‘ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी चारकोपचा सुपुत्र लवू घाडी यांस हार्दिक शुभेच्छा.’ अजून संघ निवडलेला नाही. माझा फोटो टिकलीएवढा, त्याचा दरवाजाएवढा, आणि माझ्या पायाशी काळा-पांढरा गोल फुटबॉल. आई रोज मार्केटला जाताना तिथे थांबून वर बघते. मला त्या रस्त्याने जायची लाज वाटते, म्हणून मी मागच्या गल्लीतून जातो. त्या गल्लीतही वास येतो. चहाच्या टपरीला येतो, बेकरीला येतो, कार्गोच्या कॅन्टीनला येतो. मुंबई सडली आहे, दुसरं काय. मी सोडून कोणाला कळत नाही एवढंच.

२० एप्रिल, रविवार

धोंडिराममामाने गावाहून हापूसची पेटी पाठवली. दारातल्या कलमाचे पहिले आंबे. आधी रवळनाथापुढे ठेवले, माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं आणि मग ट्रॅव्हल्सच्या गाडीत दिले. आई देवळात गेली होती. मी पेटी उघडली आणि तोंड फिरवलं. मेलेल्या उंदराचा वास. वरचे काढले, खालचेही तसेच. आजकाल सगळे औषधं मारून पिकवतात, पण सख्खा मामाही? मी अख्खी पेटी उचलून खाली कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि वर येऊन मामाला फोन केला.

"मामा, सडके आंबे पाठवायचे तर पाठवायचेच कशाला?"

 मामा म्हणाला, "सडके? मी एकेक हातान काढलंय रे." मी म्हटलं, मग नाक साफ करून घ्या. त्याने फोन ठेवला.

आई वर आली ती हातात एक आंबा घेऊनच. खाली गाडीवाले कापून खात होते, त्यांनी तिला दिला, म्हणाले, मावशी, एवढा गोड माल कोणी टाकला? तिने फोड कापून खाल्ली. दुसरी माझ्यापुढे धरली. "खावन बघ." मी बाथरूमकडे धावलो.

मी बाहेर आलो तेव्हा ती पेटीतून जमिनीवर सांडलेलं गवत गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "आस्ट्रेलिया डोक्यात गेला तुझ्या. आता आमचा काय गोड लागतला तुका."

सरळ सरळ सडका आंबा, आणि बोलणी मी खायची.

२३ एप्रिल

मामा आईचाही फोन उचलत नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. ताटात भात आणि दही ठेवते आणि टीव्हीसमोर जाऊन बसते. दह्याचा वास त्यातल्या त्यात कमी येतो. चार किलो उतरलोय. अनय म्हणाला, "फिट दिसतोयस, बडी."

४ मे, रविवार. मुलुंड

हे नीट लिहायला हवं. घाई केली तर मी माझ्या सोयीने लिहीन.

शिबिर एका शाळेत आहे. काल दिवसभर खेळलो आणि चांगला खेळलो. नितेशही खेळला, पण दोन सोपे चेंडू त्याच्या हातातून सुटले. संध्याकाळी अनय माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझा अनुभव मला तिकडे लागणार आहे." मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून हसलो.

आज सकाळी नाश्त्याला कांदेपोहे. माझ्या नाकाला तेच, गटार. आता मला सवय झालीये, तोंडाने श्वास घ्यायचा आणि गिळायचं. समोर अनय होता आणि त्याच्या शेजारी संघाच्या डॉक्टर रेवती. नितेशने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"यार, ह्यात काय मेलंय काय? गटारीचा वास येतोय!"

सगळं टेबल हसलं. कोणी म्हणालं, नखरे बघा ह्याचे, अजून विमानात बसला नाही. कोणी त्याचं ताट ओढून खाल्लं आणि बोटं चाटून दाखवली. आणि मला काय वाटलं ते कसं लिहू? दोन महिने आई, मामा, शेजारी, बेकरीवाला, सगळे मला वेडा ठरवत होते, आणि इथे एक माणूस निघाला ज्याला नाक आहे. मी उठून उभाच राहिलो.

"बरोबर बोलतोय तो! घाण वास आहे! हसताय काय? मला कधीपासून येतोय, फोडणीला येतो, चहाला येतो, आंब्याला येतो. तुमचीच नाकं मेलीयेत!"

हसणं थांबलं. डॉक्टर रेवतींनी चमचा खाली ठेवला. अगदी हळू विचारलं, "त्याआधी काही दिवस जेवणाला चव नव्हती का?"

"हो! कशालाच नव्हती." मला वाटलं, बाईंना कळतंय.

"आणि त्याच्याआधी डोक्याला कधी लागलं होतं?"

"मार्चमध्ये. गुडघा बसला, थोडा वेळ पडलो होतो. पण त्याचा इथे काय संबंध?"

मी हे बोललो. अनयच्या तोंडासमोर, स्वतःच्या तोंडाने. अनयकडे बघितलं तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं ते.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. डोक्याला जोरात मार बसला की नाकामागच्या वासाच्या बारीक नसा तुटतात. आधी वासच जातो, म्हणून चव जाते. मग नसा पुन्हा जुळायला लागतात, त्या चुकीच्या जुळतात आणि सगळ्याचा वास सडका येतो. पोहे चांगले आहेत. आंबेही चांगलेच असणार. बरं व्हायला किती दिवस, सांगता येत नाही. पूर्ण बरं होईल का, तेही नाही. पण अशा डोक्यावर दुसरा मार बसला तर गोष्ट नाकावर थांबणार नाही.

मग त्या नितेशकडे वळल्या. "आणि तुला?"

"मला काय नाय, मॅडम. मस्करी केली मी." त्याने ताट ओढलं आणि पोहे खायला लागला. भराभर, न चावता. डोळ्यांत पाणी आलं तरी खात होता. मध्ये एकदा त्याने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी मला विचारलं, "ह्याला लागलंय का कधी?"

मी म्हणालो, "सहा एप्रिलला. डोक्यावर पडला आणि ओकला. मीच त्याला गप बसायला सांगितलं."

५ मे

दोघेही बाहेर. अनयने बॅगा भरायला सांगितलं. ‘बडी’ म्हणाला नाही.

गेटवर नितेश उभा होता. मला म्हणाला, "तू जात नाय, म्हणून मी पण नको. असंच ना?" आणि माझ्या बुटांपाशी थुंकला. इतके दिवस मी जगाकडे ज्या तोंडाने बघत होतो, तेच तोंड त्याने मला दाखवलं. चांगलं दिसत नाही ते.

मी का सांगितलं? त्याचं डोकं वाचावं म्हणून? की एकट्याने घरी जायचं नव्हतं म्हणून? रिक्षात सगळा वेळ हेच. दोन्ही असेल. जास्त कुठलं, ते मला सांगता येत नाही.

आईला फक्त म्हटलं, निवड झाली नाही. ती म्हणाली, "आंबे टाकलंस, देवाक पोचला ता." मी ऐकून घेतलं. नाकाचं सांगितलं तर पेटीचंही सांगावं लागेल, मामाची माफी मागावी लागेल, आणि मुळात आपण दोन महिने गाढव होतो हे कबूल करावं लागेल. त्यापेक्षा देवाचा कोप बरा.

बॅनर अजून तसाच आहे.

२५ मे, रविवार

दुपारी नितेशचा फोन. तीन आठवड्यांनी. नमस्कार नाही, लवूदा नाही.

"घरी येशील काय? आईला खरं वाटत नाय. ती बोलते, ऑस्ट्रेलिया गेली म्हणून अन्नावर राग काढतो. चार दिवस झाले, तिने चूल पेटवली नाय. माझं खराब लागतं तर बाहेर खा, बोलते. तू सांग तिला. तुझ्याशिवाय कोणाला माहितीये?"

जोगेश्वरीला गेलो. दीड खोली, कपाटावर नितेशचे चषक. त्याची आई दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी तिथूनच सांगितलं. "काकी, तुमच्या जेवणात काही खोट नाही. त्याच्या नाकाला इजा झालीये. मलाही तसंच होतं. तो पडला तेव्हा त्याला बोलू नको म्हणून मी सांगितलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

तिने शिव्या दिल्या. चांगल्या सणसणीत, शेजाऱ्यांनी दारं उघडून ऐकल्या. नितेश मागे मान खाली घालून उभा होता. मग तिचा आवाज खाली आला. तिने विचारलं, "म्हणजे मी काय पण केलं तरी त्याला घाणच वास येणार?"

"सध्या तरी. दहीभात जरा बरा जातो. गरम केलेलं काही नको, थंड करून द्या."

"तुम्हाला कोण देतं असं?"

"आई देते."

"कळल्यावर बिचारीला काय वाटलं असेल."

मी चपलांकडे बघत राहिलो. ती बाई हुशार. म्हणाली, "सांगितलं नाय तुम्ही? माझ्या दारात येऊन सांगता आणि तुमच्या आईला सांगितलं नाय?" आणि तिच्या तोंडावर किळस आली. नितेश रिक्षापर्यंत सोडायला आला.

चारकोपला उतरलो आणि रिकाम्या हाताने वर जाववेना. मार्केटात गेलो. आंब्यांचे दिवस आहेत, पण तेवढी हिंमत नव्हती, म्हणून बांगडे घेतले. वर आलो. आई टीव्हीसमोर होती. मी पिशवी तिच्यापुढे धरली. "आई, ताजे आहेत का बघ. मला कळत नाही."

"तुका कळत नाय?" मासे निवडायला लहानपणी तिनेच मला शिकवलंय.

मग मी जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. गुडघा, पुरणपोळी, शेजारच्या काकी, आंबे, डॉक्टर, नितेशची आई. मामाचे आंबे चांगले होते, हे वाक्य सगळ्यात जड गेलं. ऐकताना मध्येच तिने टीव्ही बंद केला. माझ्या डोक्यामागे हात नेऊन चाचपलं, जणू अजून तिथे काही हाताला लागणार होतं. "दुखता?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं.

उठून तिने पिशवी उघडली, वाकून हुंगली आणि पदर तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

"मेल्या, कुसलेले बांगडे घेवन इलंस!" ती म्हणाली. "ह्यो वास तरी येता काय तुका?"

मी पिशवीत तोंड घातलं. येत होता. तिच्या रोजच्या जेवणासारखाच.